छापलं ते खपलं असं धरून चाललेली कंपनी: टीएसआरचं प्रकरण

१९९७ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावात एक कंपनी शेवटच्या घटका मोजत होती. कंपनीचं नाव टीएसआर. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा जगभर खेळला जाणारा खेळ तिच्या मालकीचा होता आणि आदल्या वर्षाची विक्री ४ कोटी डॉलरच्या घरात होती. तरी तिला स्वतःचं नियमपुस्तक छापून घेता येत नव्हतं. छपाईपूर्व काम, छपाई, गोदाम आणि माल रवाना करणं हे सगळं एकाच ठेकेदार कंपनीकडे होतं. तिची बिलं थकली, तिने काम थांबवलं, आणि छपाईच्या प्लेटा तिच्याच ताब्यात राहिल्या. ज्या पुस्तकांना हमखास गिऱ्हाईक होतं ती छापून चार पैसे उभे करावेत, तर तोही रस्ता बंद. डोक्यावर ३ कोटी डॉलरहून जास्त कर्ज होतं.

या पडझडीची कारणं विचारली की साधारण तीन उत्तरं मिळतात. कॉम्प्युटर गेम आले, म्हणून. धार्मिक मंडळींनी खेळाला सैतानी ठरवलं, म्हणून. खेळाशी देणंघेणं नसलेली एक बाई कंपनीची मालक झाली, म्हणून. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, पण मला एकही पुरेसं वाटत नाही. खेळणारे खेळ सोडून गेले नव्हते. ते कोण आहेत, किती आहेत, काय विकत घेतात आणि का, हे कंपनीने कधी नीट शोधलंच नाही. आणि पुस्तक विकण्याआधी, नुसतं छापून पाठवल्यावरच पैसे हातात पडतील अशी व्यवस्था तिला मिळाली होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि कंपनी बुडाली.

टेबलावर पाच, दुकानात एक

हा खेळ कधी न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे गोष्टीतलं सगळं जग त्याच्या हाती. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. मास्टर सांगतो, "दार अर्धवट उघडं आहे, आतून ओलसर वास येतोय." चोर झालेला म्हणतो, "मी आवाज न करता आत डोकावतो." जमलं की नाही ते फासा ठरवतो. आकडा चांगला पडला तर डोकावता येतं, नाही पडला तर आतल्याला चाहूल लागते, आणि मग पुढे काय ते सगळ्यांनी मिळून निस्तरायचं. शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही. एकच गोष्ट महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते.

खेळ म्हणून हे विलक्षण आहे. धंदा म्हणून मात्र यात दोन अडचणी अगदी मुळातच आहेत. टेबलावर पाच जण असले तरी जाड पुस्तकं, नकाशे आणि साहसांचे, म्हणजे खेळायला तयार गोष्टींचे, संच विकत घेतो तो बहुतेक एकटा मास्टर. आणि त्यानेही नियम एकदा घेतले की पुढे काही घेतलंच पाहिजे असं नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि मोकळी संध्याकाळ एवढ्यावर खेळ दहा वर्षं चालू शकतो. टीएसआरची सगळी कहाणी या दोन अडचणींभोवती फिरते, आणि कंपनीतल्या लोकांनी त्या कधी स्पष्ट शब्दांत मांडल्याचं दिसत नाही.

घरगुती उद्योग ते दोन कोटी

गॅरी गायगॅक्स विमा कंपनीत होते. ती नोकरी गेल्यावर ते घराच्या तळघरात बूट दुरुस्त करून घर चालवत होते. युद्धांचे टेबलावरचे खेळ हा त्यांचा छंद. १९६८ मध्ये त्यांनी लेक जिनीव्हातच अशा खेळाडूंचा मेळावा भरवला होता. तोच पुढे 'जेन कॉन' म्हणून मोठा झाला. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नसन यांनी या युद्धखेळांना वेगळं वळण दिलं: सैन्याच्या तुकडीऐवजी एका खेळाडूने एकच माणूस चालवायचा आणि तो माणूस पुढच्या खेपेलाही जिवंत असेल तर त्याला अनुभव मिळत जायचा. दोघांनी मिळून नियम तयार केले. त्या काळातल्या मोठ्या प्रकाशकाने, अ‍ॅव्हलॉन हिलने, ते नाकारले. मग गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये स्वतःच कंपनी काढली. त्याच डिसेंबरात ब्रायन ब्लूम पैसे घालून भागीदार झाले.

जानेवारी १९७४ मध्ये खेळ बाजारात आला. लाकडासारखी नक्षी असलेला पुठ्ठ्याचा खोका, आत तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर. हजार खोके त्यांनी घरीच हाताने भरले. वर्षाच्या आत हजारही संपले. पण त्यानंतर लगेच, जानेवारी १९७५ मध्ये, डॉन के हृदयविकाराने गेले. वय अवघं ३६. त्यांचा हिस्सा विकत घेण्याइतके पैसे गायगॅक्स यांच्याकडे नव्हते. ब्लूम कुटुंबाकडे होते. नव्याने उभ्या राहिलेल्या कंपनीत गायगॅक्स अल्पमतात गेले. दहा वर्षांनी जे घडलं त्याचं बीज इथे पडलं.

मधली वर्षं वाढीची होती आणि ती वाढ कंपनीने आखलेली नव्हती. ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक सोळा वर्षांचा विद्यार्थी बेपत्ता झाला. त्याला शोधायला नेमलेल्या खासगी गुप्तहेराने तर्क मांडला की मुलगा विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळताना हरवला असावा. तर्क चुकीचा होता. मुलगा स्वतःच्या दुःखापायी घर सोडून गेला होता, खेळाचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण देशभरच्या वर्तमानपत्रांत खेळाचं नाव झळकलं आणि विक्रीला उधाण आलं. एका मुलाच्या शोकांतिकेवर ही प्रसिद्धी उभी राहिली, ही गोष्ट मला आजही बोचते.

त्या वर्षी मागणी इतकी होती की नवशिक्यांच्या संचात घालायला फासेच मिळेनात. कंपनीने त्याऐवजी आकडे छापलेला पुठ्ठा घातला: तुकडे कापा, पेल्यात टाका आणि डोळे मिटून एक उचला. ग्राहकांनी तेही चालवून घेतलं. खेळावर लोकांचा किती जीव होता ते या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवरून कळतं.

१९८२ मध्ये विक्री २ कोटी डॉलरच्या पुढे गेली. ब्रायन आणि केव्हिन हे ब्लूम बंधू कारभार पाहत होते आणि अशीच वाढ कायम राहील असं धरून खर्च चालला होता. नातेवाईक नोकरीला लागले. भरतकाम-विणकामाचं सामान विकणारी कंपनी विकत घेतली गेली. तळ्यात बुडालेली जुनी आगबोट वर काढण्याच्या खटपटीतही पैसे गेले. गायगॅक्स यांना कॅलिफोर्नियात पाठवलं होतं. तिथे त्यांनी खेळावर मुलांची कार्टून मालिका उभी केली आणि ती १९८३ पासून टीव्हीवर चालली. ते परतले तेव्हा कंपनीवर १५ लाख डॉलरचं कर्ज होतं आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं गेलं होतं. १९८५ मध्ये दोन नवी जाड पुस्तकं काढून त्यांनी कंपनी तात्पुरती सावरली. पण ऑक्टोबरमध्ये ब्लूम बंधूंनी आपले शेअर लॉरेन विल्यम्स यांना विकले आणि संचालकांच्या बैठकीत गायगॅक्स यांचं अध्यक्षपद गेलं.

विल्यम्स यांच्याविषयी

खेळाडूंच्या तोंडी लॉरेन विल्यम्स हे नाव शिवीसारखं येतं. मला हे अन्यायाचं वाटतं. १९८५ ची टीएसआर दिवाळखोरीच्या दारात होती. त्यांनी ती उभी केली आणि पुढे अकरा वर्षं चालवली. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या 'ड्रॅगनलान्स' कादंबऱ्या १९८४ पासून खपत होत्याच. विल्यम्स यांच्या काळात कादंबऱ्या हा कंपनीचा दुसरा भक्कम पाय झाला. त्यांत बरीच समज होती, कारण कादंबरी टेबलावरचे पाचही जण घेतात आणि कधीही न खेळणारा सहावाही घेतो.

सैतानी खेळाच्या आरोपाचंही इथेच सांगतो. १९८३ मध्ये, मुलाच्या आत्महत्येनंतर, एका आईने या खेळाविरुद्ध संघटना काढली. १९८५ मध्ये राष्ट्रीय टीव्हीवर कार्यक्रम झाला. शाळांमधून खेळ काढला गेला, घराघरांत पुस्तकं फेकली गेली. १९८९ च्या नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने राक्षस आणि सैतान यांची सरळ नावं काढून त्यांना बनवलेली नावं दिली. मुलांना त्रास झाला, कंपनीची बदनामी झाली. पण कंपनी बुडाली ती यानंतर आठ वर्षांनी, आणि तेव्हा हे वादळ बरंच शमलेलं होतं. कारण आणि परिणाम यांत एवढं अंतर पडत नाही.

विल्यम्स यांची चूक दुसरीकडे होती. वरच्या फळीला खेळाची गोडी नव्हती, आणि ज्यांना होती त्यांचं हिशेबाच्या वेळी ऐकलं जात नव्हतं. १९९२ मध्ये गायगॅक्स यांनी दुसऱ्या प्रकाशकाकडे नवा खेळ काढला तेव्हा टीएसआरने दावा ठोकला. इंटरनेटवर हौशी लोक आपापली साहसं टाकू लागले तेव्हा त्यांना वकिली पत्रं गेली. आपला सर्वांत निष्ठावान ग्राहक कोण, हेच कंपनीला ओळखता येत नव्हतं.

अनेक जगं, एकच गिऱ्हाईक

आता मुख्य आजार. दुसऱ्या आवृत्तीनंतर टीएसआरने वाढीचा मार्ग म्हणून नवी नवी काल्पनिक जगं काढायला सुरुवात केली. 'फरगॉटन रेल्म्स' १९८७ पासून होतंच. मग अवकाशात जहाजं नेणारं 'स्पेलजॅमर' १९८९ मध्ये, भयकथांचं 'रेव्हनलॉफ्ट' १९९० मध्ये, वाळवंटातलं 'डार्क सन' १९९१ मध्ये, अरबी कथांवरचं 'अल-कादिम' १९९२ मध्ये, 'प्लेनस्केप' १९९४ मध्ये आणि राजघराण्यांचं 'बर्थराइट' १९९५ मध्ये. प्रत्येक जगाचा मोठा खोका, त्याच्यामागे पुस्तिका, साहसं आणि कादंबऱ्या.

या कामाचा दर्जा उत्तम होता. 'प्लेनस्केप' चा खोका उघडला की टोनी डीटर्लिझी यांची चित्रं, घडीचे मोठे नकाशे आणि वेगळ्याच भाषेत बोलणाऱ्या पात्रांनी भरलेल्या पुस्तिका हाती येतात. असं जग टेबलावरच्या खेळात आधी नव्हतं. लेखक आणि चित्रकार जीव ओतून काम करत होते.

पण घेणार कोण? 'डार्क सन' चालवणारा मास्टर 'बर्थराइट' घेत नाही, कारण त्याचा गट आधीच वाळवंटात अडकलेला असतो, आणि ती गोष्ट संपायला तीन वर्षं लागतात. नव्या जगाने नवा खेळाडू क्वचित आणला. जुन्या मास्टरांच्या गटालाच त्याने आणखी एक फाळणी दिली. दुकानदारालाही दहा जगांचा माल ठेवायची ऐपत नव्हती. वर खोक्यांचा खर्च इतका की काही संच ज्या किमतीला बनले त्यापेक्षा कमी पैसे कंपनीच्या हाती आले. असा संच जितका जास्त खपेल तितका तोटा जास्त. साधा उत्पादनखर्चाचा तक्ता मांडला असता तरी हे दिसलं असतं.

मग ते दिसलं का नाही? कारण पैसे तर येत होते.

१९७९ मध्ये टीएसआरने रॅन्डम हाउस या मोठ्या प्रकाशनसंस्थेशी करार केला होता: पुस्तकांच्या दुकानांत माल पोचवायचं काम रॅन्डम हाउसचं. यातली मेख अशी होती की माल रॅन्डम हाउसकडे रवाना झाला की तो विकला जाण्याआधीच टीएसआरला त्यापोटी रक्कम मिळे. व्यवहारात ती उचल होती. पुस्तकं खपली तर उचल फिटली. परत आली तर पैसे परत. दिवाळी अंक काढणाऱ्या कोणालाही हे लगेच कळेल: विक्रेत्याकडे गेलेला गठ्ठा म्हणजे विक्री नव्हे, जानेवारीत किती गठ्ठे परत येतात त्यावर खरा हिशेब ठरतो.

टीएसआरने ही उचल विक्री समजून वापरली. पैशांची चणचण भासली की आणखी पुस्तकं छापायची, आणखी खोके रवाना करायचे, की रक्कम हजर. जुन्या मालाच्या परताव्याचं देणं नव्या मालाच्या उचलीतून भागायचं. या चक्रात थांबायला जागा नाही, कारण ज्या वर्षी कमी छापाल त्या वर्षी जुनं सगळं देणं एकदम अंगावर येतं. नव्या जगांचा एवढा सपाटा का लागला, याचं उत्तर मला इथे जास्त सापडतं. कागदावर विक्री वाढत होती, आणि तोट्याचा माल परक्या गोदामांत साठत होता.

पत्त्यांचं पाकीट

ऑगस्ट १९९३ मध्ये टीएसआरच्याच मालकीच्या जेन कॉन मेळाव्यात सिएटलजवळच्या रेंटन गावाहून आलेली एक छोटी कंपनी नवा पत्त्यांचा खेळ विकत होती. कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट, मालक पीटर अ‍ॅडकिसन, खेळ 'मॅजिक: द गॅदरिंग', रचनाकार रिचर्ड गारफील्ड. आणलेला माल हातोहात गेला.

'मॅजिक' ने मघाच्या दोन्ही अडचणी सोडवल्या होत्या. टेबलावरच्या प्रत्येकाला स्वतःचे पत्ते घ्यावे लागतात, आणि एकदा घेऊन भागत नाही. पाकिटात कोणता पत्ता निघेल ते माहीत नसल्याने माणूस पुन्हा घेतो, आणि नवा संच आला की पुन्हा. खेळांच्या दुकानदाराचं भांडवल मर्यादित. ते पाकिटांकडे वळलं आणि जाड पुस्तकांची फळी आकसली. फटका एकट्या टीएसआरला बसला नाही. 'ट्रॅव्हलर' काढणारी जीडीडब्ल्यू १९९६ मध्ये बंद झाली, वेस्ट एंड गेम्स १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

टीएसआरने उत्तर म्हणून १९९४ मध्ये 'स्पेलफायर' हा पत्त्यांचा खेळ काढला, तोही बहुतांशी जुनीच चित्रं पुन्हा वापरून. १९९५ मध्ये 'ड्रॅगन डाइस' आले, गोळा करायचे रंगीत फासे. सुरुवातीला ते बरे खपले, म्हणून भरमसाट बनवले गेले. आणि १९९६ मध्ये, एरवी वर्षाला एखाद-दुसरी पुठ्ठाबांधणीची कादंबरी काढणाऱ्या कंपनीने अशा बारा कादंबऱ्या काढायचं ठरवलं. चक्र चालू ठेवण्यासाठीची ही शेवटची धडपड होती, असं मी याचं वाचन करतो.

वर्षअखेरीला रॅन्डम हाउसकडून न खपलेल्या कादंबऱ्या आणि फाशांचे ढीग परत आले, सोबत काही दशलक्ष डॉलरचं देणं. डिसेंबरात तीसेक कर्मचाऱ्यांना काढलं. 'ड्रॅगन' मासिक, जे १९७६ पासून चालू होतं, ते काही महिने निघालंच नाही. सुरुवातीला सांगितलेली कोंडी ती हीच.

कोणी विचारलंच नव्हतं

१९९७ मध्ये अ‍ॅडकिसन यांच्या विझर्ड्सने सुमारे २.५ कोटी डॉलरला टीएसआर घेतली. त्या व्यवहारासाठी रायन डॅन्सी लेक जिनीव्हाला जाऊन कंपनीची कागदपत्रं आणि गोदाम पाहून आले होते. त्यांनी पुढे लिहिलेल्या मजकुराचा आशय असा: खातेवह्या, करार, हस्तलिखितं, सगळं होतं, फक्त ग्राहकाचा आवाज कुठेही नव्हता. कोण खेळतं, काय हवं आहे, हे विचारल्याचा कागद नाही.

विझर्ड्सने थकलेली देणी फेडली, बरीच जगं थांबवली, कचेरी रेंटनला हलवली आणि १९९९ मध्ये अमेरिकेत खेळाडूंची रीतसर पाहणी केली. तेव्हा कळलं की १२ ते ३५ वयोगटातले २० लाखांहून अधिक लोक दर महिन्याला टेबलावर असे खेळ खेळतात. म्हणजे टीएसआर बुडाली तेव्हाही माणसं टेबलाभोवती बसलेलीच होती.

त्याच वर्षी हॅसब्रो या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीने सुमारे ३२.५ कोटी डॉलरला विझर्ड्स घेतली, मुख्यतः पत्त्यांच्या खेळांसाठी. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत डॅन्सी यांनी पुढे रेटलेला खुला परवाना. साहसं आणि पुरवण्या कोणीही काढाव्यात, कारण त्यांत नफा कमी आणि जोखीम जास्त. पण त्या वापरायला मूळ नियमपुस्तक लागतंच, आणि ते आपण विकावं. टीएसआरने वकिली पत्रं पाठवून ज्यांना दूर लोटलं होतं तीच माणसं आता खेळ पसरवू लागली. या प्रकरणातला सर्वांत अक्कलहुशारीचा निर्णय मी यालाच म्हणेन. इतरांनी त्यात एवढा सुमार माल ओतला की २००३ च्या सुधारित आवृत्तीनंतर दुकानांत ढीग पडून राहिले, तरी मूळ पुस्तकाला त्याने तारलं.

२००८ ची चौथी आवृत्ती पुन्हा आवळलेल्या परवान्यासह आली. तेव्हा पायझो या प्रकाशकाने जुन्या खुल्या परवान्याखाली 'पाथफाइंडर' काढून नाराज खेळाडू आपल्याकडे वळवले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनंतर, इंटरनेटवर खेळ पाहणाऱ्यांच्या जोरावर, हा खेळ पूर्वी कधी नव्हता इतका पसरला. आपल्याकडे पुण्या-मुंबईतल्या कॅफेंमध्ये रविवारी फासे टाकणारे गट दिसतात ते याच लाटेतले.

आणि मग जानेवारी २०२३ मध्ये खुला परवाना रद्द करून मोठ्या प्रकाशकांकडून हिस्सा मागणारा नवा मसुदा फुटला. संताप इतका झाला की खेळाडूंनी विझर्ड्सच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी बंद करायला सुरुवात केली. या वेळी मात्र कंपनीने ग्राहकांना जाहीरपणे विचारलं. हजारोंनी उत्तरं पाठवली, बहुतेकांनी नकार दिला, आणि महिना संपायच्या आत पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या मागे न घेता येणाऱ्या खुल्या परवान्याखाली खुले झाले. ते आता कोणत्याही मालकाला परत घेता येणार नाहीत.